समग्रमध्ये नसलेली माणसं

लष्कर, ग्वाल्हेर
पौष

चि. बाळ,

तुम्ही केआरजी कॉलेजच्या मुली यंदाच्या थंडीत बाड्यावर ब्लँकेटं वाटणार आहात, हे तुझ्या आजीकडून कळलं. माझ्या वर्गणीचं पाकीट या पत्रासोबत आहे. त्याला कसलीही अट नाही. पण माझी सगळी नोकरी इथल्या एजी ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. पैसा दिला की तो शेवटी कुणाच्या हातात पडला, हे विचारायची खोड अजून जात नाही. तू मला आजोबा म्हणतेस, म्हणून ती खोड आज तुझ्यावर चालवतो. रागावू नकोस.

तुला ठाऊक आहे, आम्ही काही निवृत्त मंडळी आणि दोन-तीन शिक्षिका मिळून लष्करातल्या गल्ल्यांमधून हिंडत असतो. आम्हाला नाव नाही, बॅनर नाही, पावतीपुस्तकही नाही. एक जाड वही आहे. या हिंडण्यातून जे दिसलं, तेवढंच लिहितो.

जानेवारीत आपल्याकडे पारा तीन-चार अंशांवर उतरतो, धुक्यात दुपारपर्यंत किल्ला दिसत नाही, आणि संक्रांतीच्या आगेमागे साऱ्या शहराला एकदम दया येते. व्यापारी मंडळं येतात, पक्षांचे कार्यकर्ते येतात, कॉलेजची मुलं येतात. सगळे येतात ते ठरलेल्या ठिकाणी: महाराज बाडा, रेल्वे स्टेशन, अचलेश्वराचं देऊळ, फूलबाग. गाडी लावायला जागा आणि फोटोला उजेड तिथेच असतो. त्यामुळे एकेका माणसाला आठवड्यात तीन-तीन ब्लँकेटं मिळतात. त्यातली दोन तो विकतो, आणि मग ‘हे लोक असेच’ म्हणत देणारे चिडतात. मला त्यात चिडण्यासारखं काही दिसत नाही. ज्याला कपाट नाही, कोनाडा नाही, दिवसा सगळा संसार पाठीवर घेऊन हिंडावं लागतं, त्याने तीन ब्लँकेटं ठेवायची कुठे? विकून आलेल्या पैशांतून तो खोकल्याचं औषध घेतो की विडीचं बंडल, हा त्याचा हिशेब. तो तपासायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

अन्नाचंही तसंच. हे शहर उपाशी ठेवणारं नाही. किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो, तिथे कुणाला जात-धर्म विचारत नाहीत. सरकारने २०१७ साली दीनदयाल रसोई सुरू केली, तेव्हा पाच रुपयांत थाळी मिळू लागली. देवळांबाहेर वारावारी खिचडी, पुरी-भाजी असतेच. पण किल्ला चढून जायला पाय लागतात. रसोईपर्यंत पोचायलाही लागतात. ज्या म्हाताऱ्याच्या पायाची जखम चिघळली आहे तो दाल बाजारातल्या एखाद्या बंद गोदामाच्या पायरीवर पडून असतो, आणि खिचडी त्याच्यापासून दोन गल्ल्या अलीकडे संपते. वाटणाऱ्याला रांग दिसते. रांगेत उभा राहू न शकणारा दिसत नाही, आणि खरी गरज नेमकी त्याचीच असते.

आता आपल्याच मराठी लोकांविषयी एक सांगतो, कारण ते कुणी बोलत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तिचंच गाव झालं, म्हणून हे लष्कर. आपले पूर्वज त्या छावणीबरोबर आले: कारकून, आचारी, पुजारी, कीर्तनकार, शिलेदार. त्यांचे वाडे जनकगंजात, माधवगंजात, चिटणिसांच्या गोठात अजून उभे आहेत. अर्धे पडले आहेत, उरलेल्या अर्ध्यांचे खटले चालू आहेत. अशा वाड्यांच्या मागच्या खोल्यांत आजही एकट्या बायका राहतात. मुलं नाहीत, किंवा पुणे-बंगळूरला आहेत आणि फोन उचलत नाहीत. विजेची जोडणी कधीच कापली गेली. नऊवारी धुऊन वाळत घातलेली दिसते, म्हणून बाई जिवंत आहे एवढं शेजाऱ्यांना कळतं. ही बाई बाड्यावर ब्लँकेट घ्यायला कधीच येणार नाही. दार वाजवून विचारलंस तर म्हणेल, ‘सगळं आहे हो, बसा, चहा टाकते.’ आणि चहाला साखर नसेल. तिच्याकडे कसं जायचं ते आमच्या शिक्षिकांनी शोधून काढलं. हळदीकुंकवाला बोलवायचं, भजनाला न्यायचं, परत सोडायला जाताना आत डोकवायचं. डब्यातले तांदूळ कुठवर आलेत ते बघायचं आणि त्याबद्दल बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘आमच्याकडे जास्त झालेत’ म्हणून नेऊन द्यायचे. खोटं बोलायला मी एरवी सांगणार नाही, पण हे खोटं अगदी निर्धास्त बोल.

त्याच वाड्यांच्या पुढच्या अंगाला, नाल्याच्या कडेने, दुसरी वस्ती आहे. भांडी घासणाऱ्या बायका, हातठेला ओढणारे, भंगार वेचणारी पोरं, हजीऱ्याकडची जे. सी. मिल बंद पडल्यावर या बाजूला सरकलेले म्हातारे गिरणी कामगार. वाड्यातली आजी आणि ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांची अडचण एकच आहे: सरकारच्या कागदावर दोघंही धड नाहीत.

या कागदाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरं काम तिथे आहे, आणि ते कंटाळवाणं असल्यामुळे तिथे कुणी येत नाही. आपल्या मध्य प्रदेशात कुठलीही योजना घे, पहिला प्रश्न येतो, ‘समग्र आयडी है?’ कुटुंबाचा आठ आकडी नंबर आणि माणसाचा नऊ आकडी नंबर. तो नसेल तर रेशनची पात्रता पर्ची निघत नाही, म्हणजे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेलं माणशी पाच किलो धान्य बंद. वृद्धापकाळाची, विधवेची किंवा अपंगाची महिना सहाशे रुपयांची पेन्शनही बंद. समग्रसाठी आधार लागतं. आधारसाठी पत्ता लागतो. फूटपाथला पत्ता नसतो. आणि आधार असलंच तर त्यावरचा पत्ता भिंडचा नाहीतर शिवपुरीचा, मोबाइल नंबर कुठल्या तरी भाच्याचा, तो भाचा दिल्लीला. आयुष्यभर दगड फोडलेल्या किंवा विड्या वळलेल्या हातांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. ऑपरेटर म्हणतो, ‘अम्मा, बाद में आना.’ अम्मा पुन्हा जात नाही. तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि वर अपमान झालेला असतो.

यातून वाट आहे. आधारला पत्त्याचा पुरावा म्हणून पार्षदाचं, राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. ठसे नाही उमटले तर डोळ्यांच्या बुबुळावर काम होतं. पण हे त्या खिडकीवर कुणीतरी सांगावं लागतं, आणि न चिडता दोनदा सांगावं लागतं. पार्षदाकडे सही घ्यायला जायचं तर तो सकाळी घरी सापडतो. फॉर्म कोरा नेला तर तो ‘ठेवून जा’ म्हणतो, भरलेला नेला तर उभ्याउभ्या सही करतो. मग वॉर्डाच्या झोन कार्यालयात समग्र, मग ई-केवायसी, मग बँकेचं खातं, मग पेन्शनचा अर्ज. एका माणसाची ही साखळी पूर्ण व्हायला महिने जातात, आणि कुठेही एक कडी तुटली की तो परत फूटपाथवर. सहाशे रुपये ही रक्कम तुला हास्यास्पद वाटेल. मलाही ती फार तोकडी वाटते. पण वाड्यातल्या त्या आजीला पहिल्यांदा स्वतःच्या खात्यातून पैसे काढताना मी पाहिलं आहे. त्या दिवशी तिने आम्हाला पेढे आणायला पाठवलं, आणि पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं शहाणपण नव्हे. पुण्यात १९९० च्या सुमारास एसएनडीटीच्या प्रौढशिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमने कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. वर्गात बसून भागेना, म्हणून त्यांच्याबरोबर फेरीवरच हिंडू लागल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की उकिरड्यातून वेचण्याऐवजी सोसायटीच्या दारातच सुका कचरा वेगळा मिळाला तर याच बायकांची कमाई वाढते आणि अंगावर घाणही कमी येते. त्यातून १९९३ साली बाबा आढावांना बरोबर घेऊन कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र या बायकांच्या हाती आलं. भंगारवाल्या बाईला चोर समजून हटकणाऱ्या पोलिसापुढे ते कार्ड काय काम करतं, हे तिथल्या कुठल्याही बाईला विचार. दोन शिक्षिका अक्षर शिकवायला गेल्या आणि संघटना उभी करून बसल्या. पहिल्या दिवशी त्यांनाही हे माहीत नव्हतं.

आता आपल्या शहरातली २०२० सालची ती गोष्ट. तू तेव्हा शाळेत होतीस. नोव्हेंबरात पोटनिवडणुकीची मतमोजणी झाली, त्या रात्री बंदोबस्तावरून परतताना दोन पोलीस उपअधीक्षकांना झाशी रोडला एक माणूस थंडीत कुडकुडताना, उकिरड्यात खायला शोधताना दिसला. एकाने त्याला बूट दिले, दुसऱ्याने जाकीट. ते निघाले तसा त्याने एका अधिकाऱ्याला नावाने हाक मारली. तो त्यांच्याच १९९९ च्या तुकडीतला सबइन्स्पेक्टर निघाला, कधीकाळचा उत्तम नेमबाज. मन आजारलं, नोकरी सुटली, घर सुटलं, आणि सुमारे दहा वर्षं तो रस्त्यावर होता. मग त्याला स्वर्ग सदन आश्रमात ठेवलं, उपचार सुरू झाले, देशभर बातमी झाली. सगळे हळहळले. मीही हळहळलो. पण त्या बातमीने मला आजवर सोडलेलं नाही ते वेगळ्या कारणाने. दहा वर्षं तो याच रस्त्यांवर होता. आपण सगळे त्याच्या शेजारून गेलो असू, कदाचित कुणी ब्लँकेटही दिलं असेल. नाव मात्र कुणी विचारलं नाही. त्याला एका अधिकाऱ्याचं नाव आठवत होतं, म्हणून तो सुटला. ज्याला हाक मारायला कुणाचंच नाव आठवत नाही, तो आजही कुठल्या तरी पुलाखाली आहे.

अशा माणसासाठी कायदा आहे आणि तो चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे त्या भागातल्या ठाणेदाराचं कर्तव्य आहे. चोवीस तासांत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. मनोरुग्णालयासाठी आपल्याला आग्रा-रांचीला जावं लागत नाही, ते आपल्या शहरातच आहे. आणि ते आज ज्या स्थितीत आहे त्यामागेही कुणीतरी कोर्टाची पायरी चढलं होतं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तीन मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवायचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं. तेव्हा ठाण्यात जाशील तर कलमाचा आकडा कागदावर लिहून ने, आवाज चढवू नकोस, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नकोस. उपचाराने अशी माणसं आपलं गाव, आपली भाषा, आईचं नाव सांगू लागतात. मुंबईचे डॉ. भरत वाटवानी १९८८ पासून हेच करत आले. रस्त्यावरून उचलायचं, बरं करायचं, आणि घरी पोचवायचं, मग घर कुठल्याही राज्यात असो. त्यांच्या कर्जतच्या केंद्रातून माणसं देशाच्या कानाकोपऱ्यात परतली. २०१८ साली त्यांना मॅगसेसे मिळालं ते त्यासाठी.

दवाखान्याचंही सांगून ठेवतो. सरकारी दवाखान्यात उपचार मिळतात, पण सोबत कुणी नसेल त्या रोग्याचं काही खरं नसतं. पर्चा काढायला एक खिडकी, रक्ताला दुसरी, एक्स-रेला तिसरी इमारत, औषधाला चौथी रांग. पायाला जखम असलेला एकटा म्हातारा ‘हजार बिस्तर’ या सरकारी दवाखान्याच्या कुठल्या मजल्यावर कसा पोचणार? तिथे डॉक्टर कमी पडतो त्याहून जास्त सोबत कमी पडते. म्हणून तुम्ही मुली कुणाला स्वतः औषध देऊ नका, मलमसुद्धा नाही. सकाळी लवकर येऊन त्याच्याबरोबर पर्चा काढा आणि दुपारपर्यंत बसा. त्याच्या नावापुढे ‘लावारिस’ लिहू लागले तर तुमच्यापैकी कुणाचं तरी नाव सोबती म्हणून द्या.

हे सगळं शहराच्या सोयीसाठी करायचं नाही, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेव. ‘शहर स्वच्छ दिसलं पाहिजे’ म्हणून माणसं हलवणं आणि माणसाला आधार देणं, या दोन गोष्टी लांबून सारख्या दिसतात. २०२१ च्या जानेवारीत इंदूरला पालिकेच्या माणसांनी बेघर म्हाताऱ्यांना सामानासकट गाडीत घालून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवलं. गावकऱ्यांनी हटकलं, मोबाइलवर चित्रण केलं, तेव्हा त्यांना परत गाडीत घालून नेलं. अहिल्याबाईंच्या इंदुरात, ते सुद्धा ऐन थंडीत. तिथे स्वच्छतेचे पुरस्कार मिळवणाऱ्या पालिकेपेक्षा रस्त्याकडेची चार अडाणी म्हणवली जाणारी माणसं शहाणी निघाली. उद्या आपल्याकडे कुणी पाहुणा येणार म्हणून बाडा रिकामा करू लागले, तर तुमच्या वहीत नावं हवीत. काल इथे कोण होतं आणि आज कुठे गेलं, हे विचारायला वही लागते.

तर वही कर. माणसाचं नाव, गाव, वय, आजार, कुठे झोपतो, कोणता कागद आहे आणि कोणता नाही. जे सांगणार नाहीत त्यांना खोदून विचारू नकोस, चौथ्या-पाचव्या भेटीला आपणहून सांगतात. फोटो अजिबात काढायचे नाहीत. कुणी देणगीदार मागेल, तरीही नाही. सगळीकडे जाऊ नका, एक गल्ली धरा, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जा. पाऊस असो, परीक्षा असो, तुमच्यापैकी दोघी तरी जायला हव्यात. दोघींनीच जा, एकटीने नाही, आणि अंधार पडायच्या आत परता. मी जुन्या वळणाचा आहे म्हणून म्हणत नाही, त्या गल्लीत संध्याकाळी दारूचा गुत्ता चालतो म्हणून म्हणतो. गल्लीतला चहावाला आणि पहाटे झाडायला येणारी बाई यांच्याशी आधी ओळख कर. रात्री कुणाला फेफरं आलं, कोणाचं पोर तीन दिवस दिसलेलं नाही, हे त्यांना माहीत असतं. कुणालाही ‘करून देते’ असा शब्द देऊ नकोस. ‘बघते’ म्हण, आणि खरंच बघ. मूल सापडलं तर १०९८, एकटं म्हातारं माणूस असेल तर १४५६७, हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिही. सीएम हेल्पलाइनचा १८१ पण लिही. तक्रार क्रमांक मिळतो, आणि क्रमांक असला की फाईल हलते. हे मात्र मी अनुभवाने सांगतो, फाईल हलवणाऱ्यांतलाच मी.

आणखी एक काम आहे, आमच्या गुडघ्यांना ते आता झेपत नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा हवा. पुढे २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानात दर लाखामागे शंभर माणसांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, असं माप ठरलं. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेदहा लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने दहा रैन बसेरे, हजार माणसं. आता तुम्ही मुलींनी कुणाचा तरी मोठा भाऊ किंवा वडील बरोबर घेऊन एका रात्री सगळे बसेरे फिरून यावेत. किती आहेत, दार रात्री अकराला उघडं असतं का, बायकांसाठी वेगळी खोली आणि कडी लागणारा संडास आहे का, आधार नसलेल्याला आत घेतात का, रिक्षावाला आपली रिक्षा आणि भंगारवाली आपलं पोतं कुठे ठेवते. हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. पुष्कळ जण निवारा असूनही बाहेर झोपतात ते सामान चोरीला जाईल या भीतीने, आणि कचेरीत बसलेल्याला वाटतं यांना सवयच रस्त्याची. तुमच्या त्या एका रात्रीच्या नोंदी मला आणून द्या. त्यांचं टिपण कसं करायचं, कुठल्या नियमाचा हवाला कुठे द्यायचा, हे मला येतं. ऑडिट पॅरा लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या सेक्शनात कुणी नव्हता.

दर मंगळवारी कलेक्टोरेटमध्ये जनसुनवाई असते. लष्करापासून ते लांब पडतं, म्हाताऱ्या माणसाला ऑटोनेच न्यावं लागतं. येत्या मंगळवारी आम्ही माधवगंजातल्या एका आजींना आणि नाल्याकडच्या एका हातठेलेवाल्याला घेऊन जाणार आहोत; दोघांची ई-केवायसी अडली आहे. आमच्यापैकी कुणाला मोबाइलवर पोर्टल उघडता येत नाही, ओटीपी आला की सगळे चष्मे शोधू लागतात. तुझी पहिली तासिका बुडेल. आईला विचारून, सकाळी दहाला जनकगंजाच्या नाक्यावर ये. फोन पूर्ण चार्ज करून आण, आणि एक जाड वही.

तुझे आजोबा